गोवर, गाठ आणि भावाजवळचं पाकीट

ज्यांच्या हातात नुकताच बायोप्सीचा रिपोर्ट पडला आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. ज्यांच्या हातात तो पडायला हवा होता आणि पडला नाही, त्यांच्यासाठी जरा जास्त.

मी पशुधन पर्यवेक्षक आहे. म्हणजे सरकारी गुरांच्या दवाखान्यात नोकरी करतो आणि जानेफळला राहतो. गावात मला सगळे डॉक्टर म्हणतात, खरे डॉक्टर जवळपास नसले की. लसीची थंड पेटी खांद्याला अडकवून मी इतके गोठे फिरलो आहे की म्हशी मला लांबूनच ओळखतात आणि पाठ फिरवतात. लस, ताप, विषाणू हे माझ्या रोजच्या बोलण्यातले शब्द. तरी माझ्या स्वतःच्या मांडीत काय वाढतंय हे मला अकरा आठवडे माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं तो माझा सख्खा मोठा भाऊ होता, आणि त्या अकरा आठवड्यांत तो जवळजवळ रोज माझ्याबरोबर चहा पीत होता.

राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगतो. पुढे कुठे तो दिसला तर माफी मागणार नाही.

*

आमच्या घराण्याला गाठी नव्या नाहीत. वडिलांच्या पाठीवर आणि दंडांवर मऊ मऊ गाठी होत्या, हरभऱ्याएवढ्या, काही सुपारीएवढ्या. मे महिन्यातही ते लांब बाह्यांचा सदरा घालत. त्यांच्या बहिणीलाही होत्या. त्या आत्याचं साक्षगंध दोनदा होऊन मोडलं आणि पुढे तिचं लग्नच झालं नाही. माझ्या अंगावर लहानपणापासून चहाच्या रंगाचे डाग आहेत, वय वाढलं तशा गाठीही आल्या. माझी मुलगी ऋतुजा कॉलेजात शिकते, तिच्याही अंगावर तसेच डाग आहेत. दादा मात्र स्वच्छ. तो मायच्या वळणावर गेला असं घरात सगळे म्हणायचे.

या आजाराला एक लांबलचक नाव आहे, ते मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. त्यात मज्जातंतूंच्या आवरणावर गाठी येतात. बहुतेक गाठी आयुष्यभर गुण्यागोविंदानं राहतात. एखादीच बिघडते, आणि बिघडली की फार वेगानं बिघडते.

माझ्या उजव्या मांडीत मागच्या बाजूला एक जुनी गाठ होती. ती दुखायला लागली, मग मोटारसायकलवर बसलं की पायात कळ जायला लागली. अकोल्याच्या एका सर्जनकडे गेलो. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि आठवड्यानं या म्हणाले.

त्याच आठवड्यात आमची लाळ-खुरकुताची लसीकरण मोहीम होती. दादाचं मेहकरला कृषी केंद्र आहे, बियाणं आणि खतांचं दुकान. त्याला मालासाठी अकोल्याला जायचंच होतं. तो म्हणाला, "मी आणतो ना तुहा रिपोर्ट. तू ढोरं टोच."

मी हो म्हणालो. माझी चूक कुठे झाली असं कुणी विचारलं तर ती इथे झाली. एखाद्या शेतकऱ्याच्या गाईचं रक्त तपासायला गेलं तर रिपोर्ट मी स्वतः उघडून वाचतो. माझा स्वतःचा रिपोर्ट मात्र मी दुसऱ्याला आणायला सांगितला.

संध्याकाळी दादा घरी आला. खुर्चीत बसला, पाणी प्यायला.

"चरबीची गाठ हाये ते," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणे, घाई नाही. पल्लवीचं लग्न होऊन जाऊ दे, मंग काढून टाकू."

"कागद?"

"दुकानात राह्यला. देतो ना उद्या."

पल्लवी त्याची मुलगी. तिचं साक्षगंध ठरलं होतं, पाहुणे चिखलीकडचे, चांगली माणसं. घर लगबगीत होतं. उद्या आला, परवा आला, कागद काही आला नाही आणि मी मागितलाही नाही. चरबीच्या गाठीचा कागद पाहून काय करायचंय, असं मला वाटलं.

*

लग्नापर्यंत माझा पाय ओढला जायला लागला होता. चप्पल पायातून निसटायची. मी वेदनेच्या गोळ्या खाऊन मंडपात उभा राहिलो, कारण मुलीचा काका. पंगतीत कुणीतरी विचारलं, "काय डॉक्टर, पाय काऊन ओढून राह्यले?"

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "बैलानं लाथ मारली त्याले."

सगळे हसले. मीही हसलो. मला वाटलं, दादा माझी थट्टा करतोय. गुरांच्या डॉक्टरला बैलानं लाथ मारली म्हणजे हसण्यासारखंच आहे. त्याच्याजवळ उत्तर तयार होतं, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं.

लग्नानंतर चार-पाच दिवसांनी मी बायकोला, कल्पनाला, घेऊन अकोल्याला गेलो. दादाला सांगितलं नाही. मुद्दाम नाही, तो पाहुण्यांच्या मागे होता म्हणून. सर्जननी मांडी पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"इतके दिवस कुठे होता तुम्ही?"

"घरात लग्न होतं. चरबीची गाठ आहे म्हणून..."

"चरबीची? कोण म्हणालं?" त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "अहो, तुमच्या भावांना मी इथे, याच खुर्चीवर बसवून सांगितलं. कॅन्सर आहे, मज्जातंतूच्या आवरणाचा, दुर्मीळ असतो, फार वेगानं वाढतो. एक आठवडासुद्धा थांबू नका म्हणालो होतो."

कल्पनानं माझा हात धरला. मी काय केलं ते सांगतो. मी आठवडे मोजले. कॅन्सर हा शब्द नंतर आत शिरला, आधी अकरा हा आकडा शिरला.

तेव्हा गाठ लिंबापेक्षा थोडी मोठी होती, सर्जन म्हणाले, आजूबाजूचं थोडं घेऊन काढता आली असती. आता ती मोठ्या नसेला आणि रक्तवाहिनीला वेढून बसली होती. आता काढायची तर पाय कमरेजवळून काढावा लागेल. आणि तेवढं करूनही ती फुफ्फुसात जाणार नाही याची खात्री नाही.

डॉक्टर लोकांना एक विनंती. नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगायची आणि पेशंटला बाहेर बाकावर बसवायची जी पद्धत आहे, ती सोडा. ती दयेपोटी पडलेली आहे हे मला कळतं. पण आजार बाकावरच्या माणसाचा असतो, आणि मी तर त्या दिवशी बाकावरही नव्हतो.

*

परतीच्या वाटेवर मी गाडी मेहकरला थांबवायला लावली. कल्पनाला म्हणालो, तू बस. दादा दुकानात होता, एका शेतकऱ्याला फवारणीचं औषध समजावत होता. तो शेतकरी जाईपर्यंत मी थांबलो. इतकी शिस्त माझ्यात कुठून आली कुणास ठाऊक.

"रिपोर्ट दे," मी म्हणालो.

त्यानं विचारलं नाही कोणता. गल्ल्याखालचा खण उघडला, लग्नाच्या उरलेल्या पत्रिका बाजूला केल्या आणि पाकीट काढलं. ते फाडून उघडलेलं होतं. त्यावर माझं नाव होतं, माझं वय होतं.

"लग्न मोडलं असतं, सुधा," तो माझं घरातलं नाव घेऊन म्हणाला. "आत्याचं पाह्यलं नाही का आपण? घरात असा रोग हाये म्हटलं की कोण पोरगी नेते? मले वाटलं, दोन महिन्यानं काय होते."

"डॉक्टर आठवडा म्हणाला होता."

"डॉक्टर लोकं भेव दाखवतातच."

"मी मेलो असतो त?"

"मी पाहून राह्यलो होतो ना तुले रोज," तो म्हणाला. "चहाले काऊन बोलावत होतो मंग?"

म्हणजे तो चहा नव्हता, तपासणी होती. माझा भाऊ मला चहा पाजून माझी चाल पाहत होता, अजून किती दिवस ढकलता येतील याचा अंदाज घेत होता. मीही बांधलेल्या जनावराकडे तसंच पाहतो, हे मला त्याच क्षणी सुचलं. मी पाकीट घेऊन बाहेर आलो. त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. फोन आला की कल्पना उचलायची.

*

पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात या गाठींवर नवा उपचार आजमावत आहेत असं अकोल्याच्या सर्जननीच सांगितलं आणि चिठ्ठी दिली. आम्ही गेलो. तिथल्या मॅडमनी मला अर्धा तास दिला, आणि सगळं माझ्याशी बोलल्या. कल्पनाकडे पाहून बोलायला लागल्या की स्वतःच माझ्याकडे वळायच्या. या एका गोष्टीसाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

उपचार असा होता. गोवराचा विषाणू घ्यायचा, लशीत असतो तसा अशक्त केलेला. प्रयोगशाळेत त्यात फेरबदल करायचे. मग तो सुईनं थेट गाठीत सोडायचा. तो गाठीच्या पेशींत शिरतो, आत वाढतो आणि त्या फोडतो. त्या फुटल्या की शरीराचं लक्ष तिकडे जातं आणि शरीरही लढायला उठतं. विषाणूला एक खूण बसवलेली असते, त्यामुळे तो कुठवर पोचला ते स्कॅनमध्ये दिसतं.

"गुरांच्या कानाला बिल्ला मारून सोडतात तसं," मी म्हणालो.

मॅडम हसल्या. मग गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, "पण मी वचन देत नाही. हा प्रयोग आहे. गाठ लहान झाली तर पाय वाचवून काढता येईल. नाही झाली तर आपण आणखी काही आठवडे घालवलेले असतील."

आणखी काही आठवडे.  पण या वेळी आठवडे माझे होते आणि घालवायचे की नाही हे मी ठरवणार होतो. संमतीपत्र मी शब्द न् शब्द वाचलं. ज्या ओळी कळल्या नाहीत त्या विचारल्या. नर्स कंटाळली. तिनं विचारलं, "काका, तुम्ही नागपूरचे का? भाषा वेगळी वाटते." म्हटलं, बुलढाण्याचा. ती म्हणाली, "मग तेच ना." पुण्याच्या पोरीला पश्चिम विदर्भ समजावत बसायची ती वेळ नव्हती.

मग अडचण आली सोबतीच्या माणसाची.

सुई दिल्यावर काही दिवस मला वेगळ्या खोलीत ठेवणार होते. विषाणू अशक्त असला तरी गोवराचाच. गरोदर बाई नको, लहान मूल नको, आणि सोबत राहणारा माणूस गोवर होऊन गेलेला किंवा लस घेतलेला हवा. कल्पनाचं रक्त तपासलं. तिच्या रक्तात संरक्षण दिसेना. ऋतुजाला लहानपणी लस दिलेली होती, पण तिची परीक्षा चालू होती आणि तिनं बापाला अशा अवस्थेत पाहावं हे मला नको होतं. मेहुण्याला आठवत नव्हतं, त्याच्या आईला आठवत नव्हतं.

मायला फोन केला, मला तरी गोवर झाला होता का ते विचारायला.

"झाला होता म्हणजे?" माय म्हणाली. "दोघांले संगच झाला. आधी तुह्या दादाले निघाला. मंग तुले त्याच्याच गोधडीत निजवलं मी."

"मुद्दाम?"

"त काय! एकाले निघाला की दुसऱ्याले जवळ निजवत जाय सारे. एकदाच होऊन जाते, घरात दोनदा आजार नको. दादा तुह्यावर पाय टाकून निजे. नऊ रोज तुमी दोघं एका गोधडीत होते."

लसीच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, असं करू नका. गोवरानं पोरं दगावतात. पण आमच्याकडे ती रीत होती, आणि त्या रीतीमुळे माझ्या सोबतीला खात्रीनं चालेल असा एकच पुरुष घरात होता.

मी दोन दिवस नाही म्हणालो. तिसऱ्या दिवशी कल्पना म्हणाली, "राग घरी ठेवा. सुई घेऊन या, मंग राग धरा." तिनंच त्याला फोन केला. दादाचं रक्त तपासलं. चांगलं भरपूर संरक्षण निघालं. मला त्याचाही राग आला.

*

त्या खोलीत आम्ही दोघं सहा दिवस होतो. खोलीला एक खिडकी होती, तिच्यातून शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसायच्या. दोन खाटा, एक स्टूल.

पहिल्या दिवशी मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. तो मोसंबी सोलून ताटलीत ठेवायचा, मी खायचो नाही, ती सुकायची. दुपारी मला भांडं लागलं. पाय उचलवत नव्हता. त्यानं न बोलता भांडं लावलं, घेऊन गेला, हात धुऊन आला. ज्याचं तोंड पाहायचं नाही असं ठरवलं आहे, त्याच्याच आधारानं लघवी करावी लागते तेव्हा माणसाला स्वतःचीही चीड येते. मी भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी ताप आला. मॅडमनी सांगितलंच होतं. हाडं दुखायला लागली, दात वाजायला लागले. फोनवर कल्पनानं मायला सांगितलं असणार, कारण थोड्या वेळानं दादाचा फोन वाजला आणि मायचा आवाज मला माझ्या खाटेपर्यंत ऐकू आला.

"माता आली हाये त्याच्या अंगात. मी दाराले कडुलिंबाचा डगळा बांधला. घरात फोडणी बंद हाये. तू बी तिथी फोडणीचं खाऊ नको."

"माय, ते सुईचं हाये," दादा म्हणाला.

"कशाचं बी असो. गोवरच ना?"

 दादा ओल्या फडक्यानं माझं कपाळ पुसत राहिला. पुढचे सगळे दिवस तो खालच्या कॅन्टीनमधून साधं वरण आणि भात आणून खात होता. रस्सा, उसळ, काही नाही. शेतीचं औषध विकणारा माणूस, रोज तर्री लागते त्याला. 

पल्लवीचा फोन आला होता. तिला भेटायला यायचं होतं. तिला दिवस गेले होते. मी फोन घेतला आणि म्हणालो, गरोदर बायांना इथे मनाई आहे, येऊ नको. नियम खरा होता. पण तो सांगताना मला जे बरं वाटलं ते नियमामुळे नव्हतं. त्या पोरीचा काय दोष? तिला काही माहीतही नव्हतं. तरी मी तिला तोडून बोललो आणि ती रडली. ही गोष्ट लिहायला मला पाकिटाच्या गोष्टीपेक्षा जड जाते आहे.

चौथ्या दिवशी ताप उतरला. मॅडम आल्या, त्यांच्याबरोबर घराण्यातल्या आजारांची माहिती घेणारे एक डॉक्टर होते. त्यांनी कागदावर आमच्या घरातल्यांची नावं गोल आणि चौकोन काढून मांडली. वडील, आत्या, मी, ऋतुजा, यांचे गोल-चौकोन काळे केले. दादाचा चौकोन रिकामा ठेवला. दादाचे हात, पाठ, काखा नीट पाहिल्या, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली.

"तुमच्यात काही नाही," ते म्हणाले. "ज्याच्यात नाही त्याच्याकडून पुढे जात नाही. तुमच्या मुलांना या आजाराचा धोका नाही."

"म्हंजे पल्लवीले..." दादा म्हणाला.

"तुमच्या मुलीला? नाही. तिच्या मुलांनाही तुमच्याकडून नाही."

"आधीपासूनच नव्हता?"

"आधीपासूनच नव्हता."

ते गेले. दादा स्टुलावर बसून राहिला. त्यानं तो कागद हातात घेतला, आपला रिकामा चौकोन पाहिला, त्याच्याखालचा पल्लवीचा रिकामा गोल पाहिला. मग म्हणाला, "म्हंजे मी उगाच..."

 त्याचे खांदे हलायला लागले. साठीला आलेला माणूस, सगळ्या नात्यातली बोलणी करणारा, शर्टाच्या बाहीनं नाक पुसत होता.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? अगदी आतून, थंडगार आनंद झाला. मी त्याला म्हणालो, "विचारलं असतं त पाच मिनिटांत कळलं असतं. मले दाखवलं असतं त मी विचारलं असतं." सहा दिवसांत त्याच्याशी केलेलं माझं ते सर्वांत लांब बोलणं. त्यानं मान हलवली. मग तो उठला आणि माझ्या पाण्याची बाटली भरून आणली, कारण ती रिकामी झाली होती.

*

सुई तीनदा झाली, काही आठवड्यांच्या अंतरानं. तिन्ही वेळा दादाच सोबत होता. दुसऱ्या वेळी मी मोसंबी खाल्ली. यातून कुणी मनोमीलनाचा अर्थ काढू नये, मला भूक लागली होती.

पहिल्या स्कॅनमध्ये गाठ तेवढीच होती. उलट थोडी फुगलेली दिसत होती. मॅडम म्हणाल्या, कधी कधी आत लढाई चालू असली की असं दिसतं, थांबू या. ते थांबणं फार वाईट होतं. मी रोज शिंप्याची मोजपट्टी घेऊन मांडी मोजायचो, शेवटी कल्पनानं पट्टी लपवून ठेवली. तिसऱ्या सुईनंतरच्या स्कॅनमध्ये गाठ निम्म्याच्या आसपास आली आणि मोठ्या रक्तवाहिनीपासून सुटी झालेली दिसली. मॅडमनी पडदा माझ्याकडे वळवला आणि बोटानं ती मोकळी जागा दाखवली. करदोड्याएवढी बारीक काळी रेघ. त्या रेघेवर माझा पाय टिकला.

ऑपरेशन झालं. नसेचा काही भाग गेला. माझं उजवं पाऊल वर उचलत नाही, त्याला पट्टा बांधावा लागतो. गोठ्यात जाता येत नाही, दवाखान्यात बसून नोंदी करतो. फुफ्फुसं आजपर्यंत स्वच्छ आहेत. दर तीन महिन्यांनी तपासणी असते आणि त्याआधीचा आठवडा मी घरात कुणाशी धड बोलत नाही. हे सगळ्यांना सारखंच लागू पडेल असं समजू नका. माझ्याबरोबर हाच उपचार घेणाऱ्या एका गृहस्थांना काहीच फरक पडला नाही, आणि ते माझ्यापेक्षा कितीतरी शांत होते.

तो उगाचच गेलेला काळ मी विसरलेलो नाही. पावलाला पट्टा बांधताना रोज सकाळी आठवतो. लिंबाएवढी असताना गाठ निघाली असती तर मी आजही म्हशींच्या मागे धावत असतो. कॅन्सरनं मला फसवलं असं मी म्हणत नाही, त्यानं मला काही शब्द दिला नव्हता. दादानं दिला होता. "देतो ना उद्या" म्हणाला होता.

*

गेल्या महिन्यात ऋतुजाच्या दंडातली एक गाठ दुखायला लागली.

आम्ही वाट पाहिली नाही. तिसऱ्या दिवशी अकोल्याला एमआरआय केला. मला गाडी चालवता येत नाही, म्हणून दादा घेऊन गेला. मी त्याच्याशी बोलतो आता, गाडीबद्दल, पिकाबद्दल, मायच्या गुडघ्यांबद्दल. पल्लवीचं बाळ घरी येऊन गेलं, त्याला मी मांडीवर घेतलं, डाव्या.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता. पुन्हा आम्ही तिघं गेलो. कल्पना घरी देवासमोर बसली होती. खिडकीतल्या माणसानं पाकीट काढलं, नाव वाचलं, आमच्याकडे पाहिलं, आणि आमच्यात वयानं मोठा दिसणारा माणूस म्हणून ते दादापुढे धरलं.

दादा एक पाऊल मागे सरला. दोन्ही हात त्यानं पाठीमागे नेले.

"तिचं हाये," तो म्हणाला. "तिच्या हातात द्या."

ऋतुजा पुढे झाली. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की माझा हात खिडकीपर्यंत पोचलेला आहे. पाकिटाचं एक टोक माझ्या बोटांत होतं. आधी मी वाचतो, काही वाईट असलं तर परीक्षा होईपर्यंत, निदान घरी पोचेपर्यंत, असं काहीतरी डोक्यात चालू होतं. कधी चालू झालं ते मला कळलंही नव्हतं.

ऋतुजानं माझ्याकडे पाहिलं. "पप्पा," ती म्हणाली, "सोडा."

दादा माझ्या हाताकडे पाहत होता. त्यानं पाहिलं, आणि मग मान फिरवून रस्त्याकडे पाहायला लागला.

मी पाकीट सोडलं.